सायकलीच्या अकरा त्रुटी

सायकल घरात आली त्या संध्याकाळी ती चालत होती, ही गोष्ट आधीच सांगून टाकलेली बरी. म्हणजे चेन कुरकुरत होती, मागच्या टायरात हवा निम्मी होती आणि घंटी एकदा वाजली की दमायची. पण वर बसून पाय मारला की ती मुकाट पुढे जात होती. तिसऱ्या मजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरांनी ती पार्किंगमधून जिन्यापर्यंत स्वतः चालवत आणली आणि "घ्या, एकदम तयार आहे," म्हणून हवाली केली. पुढच्या अडीच महिन्यांत तिला नादुरुस्त करण्याचं सगळं श्रेय तिच्या नव्या मालकाचं.

हा नवा मालक पाणीपुरवठा कार्यालयात हेडक्लार्क होता. वय त्रेपन्न, जाड चष्मा, कडक इस्त्रीची पँट, खिशाला एक निळं आणि एक लाल पेन. कार्यालयात त्यांना सगळे त्रुटीसाहेब म्हणत, आणि वरवर कपाळाला आठ्या घातल्या तरी ते त्यांना आवडत असे. एकोणतीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी एकाही अर्जाला 'नाही' म्हटलं नव्हतं. नाही म्हटलं की माणूस भांडतो, वरच्या साहेबांकडे जातो, ओळखी काढतो. त्रुटी काढली की तोच माणूस "बरं बरं" म्हणत कागद गोळा करून घरी जातो, आणि परत येईपर्यंत महिना उलटलेला असतो. नळजोडणीच्या एका अर्जावर त्यांनी 'अर्जदाराची सही अंमळ तिरकी' अशी त्रुटी काढली होती. तो बिचारा घरी जाऊन सरळ सही करून आला.

त्यांची बायको घरी शिवणकाम करी. आख्ख्या बिल्डिंगची ती काकू. कुणाची पँट आखूड करायची असो, कुणाचा घेर वाढवायचा असो, कपडा काकूंच्या हाताखालून जायचाच. आणि पँट हातात आली की ती घालणाऱ्याचं अर्धं चरित्र काकूंना कळायचं. डॉक्टरांनी नवं घर घेतलं, त्याला खिडक्याच खिडक्या. सगळे पडदे काकूंनी शिवून दिले आणि शिलाई विचारल्यावर म्हणाल्या, "शिलाई नको, पार्किंगमध्ये धूळ खात पडलीय ती सायकल द्या." अशी ती जाड टायरांची, एकवीस गेअरची, एके काळी हिरवी असलेली डोंगरी सायकल साहेबांच्या दारात आली.

"तुमच्यासाठी घेतलीय," काकू म्हणाल्या. "सव्वीस वर्षं ऐकतेय, उतारावर हात सोडून चालवायचात म्हणून. बघू दे तरी एकदा."

आता खरी अडचण सांगायला हवी. त्रुटीसाहेबांना सायकल येत नव्हती. हात सोडून नाही, हात धरूनही नाही. नवव्या वर्षी मोठ्या भावाच्या सायकलवरून ते एकदा गटारात पडले होते आणि तिथेच त्या विद्येशी त्यांचा संबंध संपला होता. पण लग्न ठरण्याआधी काकूंच्या घरी गेले असताना काकूंच्या भावानं सहज विचारलं, "सायकल चालवता का?" आणि समोर चहा घेऊन ती उभी. अशा वेळी माणूस काय बोलतो ते त्याचं त्याला कळत नाही. "चालवतो म्हणजे? टेकडीवरून हात सोडून येतो," असं ते बोलून गेले. तेवढं एकच खोटं त्यांनी संसारात आणलं होतं. दुर्दैव असं की काकूंना ते भारी आवडलं. गेली सव्वीस वर्षं त्या ते येणाऱ्याजाणाऱ्याला कौतुकानं सांगत होत्या, आणि दरवर्षी टेकडी थोडी उंच होत होती.

तर आता काकू, डॉक्टर, वॉचमन आणि तळमजल्यावरचे रिटायर्ड मास्तर असे चौघं जिन्यापाशी उभे. "मारा की एक फेरी," मास्तर म्हणाले.

साहेब सायकलीभोवती एक चक्कर पायीच फिरले. मग त्यांनी वाकून चेनवरून बोट फिरवलं, ते डोळ्यांजवळ नेलं, आणि एकोणतीस वर्षांची सवय धावून आली.

"चेनला गंज आहे," ते म्हणाले. "अशा स्थितीत वाहन रस्त्यावर काढणं बरोबर नाही."

त्याच संध्याकाळी फ्रिजच्या दारावर कागद लागला. विषय: जुनी सायकल वापरात आणणेबाबत. त्याखाली, त्रुटी क्रमांक एक: चेन गंजलेली.

दुसऱ्या दिवशी सायकल ढकलत ते कोपऱ्यावरच्या मिस्त्रींकडे गेले. मिस्त्री सत्तरीचे, पालथ्या खोक्यावर बसून चाळीस वर्षं पंक्चर काढणारे. त्यांनी एकदा सायकलीकडे पाहिलं, एकदा साहेबांच्या पँटकडे पाहिलं आणि पान्हा उचलला. चेनला तेल घालायला त्यांना पाच मिनिटं पुरली असती. साहेब म्हणाले, "नाही नाही. आपण हे मुळापासून करू. मला शिकवा, मी घरीच करतो."

आणि इथून हॉलचं वर्कशॉप झालं. चेन रॉकेलमध्ये भिजत पडली, ती काकूंच्या बिस्किटांच्या डब्यात. पुढचं चाक सोफ्यावर, मागचं बाथरूममध्ये. क्रमांक दोन ट्यूब, क्रमांक तीन ब्रेकचे रबर, क्रमांक चार गेअरची वायर. पाचवी त्रुटी तर साहेबांनी स्वतः तयार केली. चाकाचा आस 'फक्त आत बघण्यासाठी' उघडला, आणि आतले सगळे छर्रे टणाटण उड्या मारत घरभर पांगले. चष्मा लावून, जमिनीला गाल टेकवून त्यांनी सतरा शोधले. अठरावा पुढच्या आठवड्यात काकूंच्या बटणांच्या डब्यात सापडला. मधल्या काळात काकूंनी तो एका लहान मुलीच्या झग्याला लावायला घेतला होता. भोक नाही म्हणून वाचला.

गंमत अशी की साहेबांना हे सगळं आवडायला लागलं. आधी नुसती टाळाटाळ होती, पण हळूहळू हातांना गोडी लागली. कार्यालयातून आले की शर्ट काढून, बनियनवर, ते स्पोक घट्ट करत बसत. एकेका स्पोकला टिचकी मारून आवाज ऐकत. चाक डुलत होतं ते सरळ फिरायला लागलं त्या दिवशी त्यांनी ते अर्धा तास नुसतं फिरवून पाहिलं. कागदाची पूर्तता करून कधी कुणाला असा आनंद झाल्याचं त्यांनी पाहिलं नव्हतं.

शेजाऱ्यांचा सल्ला मागायला लागत नाही, दार उघडं असलं की पुरतं. मास्तर रोज येत. त्यांच्या मते सायकलीचं सगळं रहस्य सीटच्या उंचीत होतं. "सीट उंच हवी. पाय ताठ झाला पाहिजे. नाहीतर गुडघे गेलेच समजा." साहेब सीट वर करत. मग पहिल्या मजल्यावरचे जिमवाले येत आणि म्हणत, "काका, एवढी उंच? पडलात तर कंबर जाईल." साहेब सीट खाली करत. आठवडाभर गुडघे आणि कंबर यांच्यात सीट वरखाली होत राहिली आणि शेवटी बोल्टचे आटेच झिजले. त्रुटी क्रमांक सहा. साहेबांनी ती मोठ्या समाधानानं लिहिली. दोन्ही सल्लागारांनी एकमेकांकडे बोट दाखवलं आणि चहा पिऊन घरी गेले.

नऊ त्रुटींची पूर्तता झाली आणि साहेबांना घाम फुटायला लागला. पण देव पाठीशी असला म्हणजे तो सोसायटीच्या सेक्रेटरीच्या रूपानंही येतो. सेक्रेटरी म्हणजे बँकेतून निवृत्त झालेला, शिट्टी गळ्यात घालून पार्किंगमध्ये फिरणारा गृहस्थ. "पार्किंगमध्ये वाहन ठेवायचं तर स्टिकर हवा," ते म्हणाले, "आणि स्टिकरसाठी फॉर्म."

साहेबांनी फॉर्म हातात घेतला आणि त्यांना घरी आल्यासारखं वाटलं. वाहन क्रमांक: निरंक. इंजिन क्रमांक: निरंक. इंधनाचा प्रकार या रकान्यापाशी ते जरा थबकले आणि 'दोन वेळचं जेवण' असं लिहिलं. फॉर्म दुसऱ्या दिवशी परत आला. वर लाल शाईत: 'इंजिन क्रमांक निरंक चालत नाही. त्रुटीपूर्ततेसाठी परत.'

साहेबांच्या जिव्हारी लागलं. एकोणतीस वर्षांत त्यांना कुणी कागद परत केला नव्हता, आणि तेही लाल शाईत, जी त्यांच्या मते त्यांचीच होती. "सायकलीला इंजिन नसतं," ते सेक्रेटरींच्या दारात उभं राहून म्हणाले. "ते मला ठाऊक आहे," सेक्रेटरी म्हणाले, "पण रकाना आहे ना. रिकामा कसा सोडणार?" हे वाक्य साहेबांनी स्वतः शेकडो लोकांना ऐकवलं होतं. जिना उतरताना त्यांना तो तिरक्या सहीचा अर्जदार आठवला आणि जरा वाईट वाटलं. फ्रिजवर त्यांनी लिहिलं, क्रमांक दहा: स्टिकर प्रलंबित. मनात मात्र उकळ्या फुटत होत्या. अशी त्रुटी वर्षभर पुरते.

ती पुरली अठरा दिवस. तोवर साहेबांची कीर्ती बिल्डिंगभर झाली होती. लोक आपापल्या सायकली आणून दारात लावू लागले. साहेब प्रत्येकीला चिठ्ठी बांधत, 'पुढचा ब्रेक सैल, मागील चाक डावीकडे झुकते', आणि रविवारी बसून सगळं दुरुस्त करून देत. खुद्द सेक्रेटरींची पंधरा वर्षं बंद पडलेली सायकल त्यांनी चालू करून दिली, आणि तिथेच स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतला. उपकाराची फेड म्हणून सेक्रेटरींनी इंजिनाच्या रकान्यात स्वतः 'मालक स्वतः' असं लिहून स्टिकर मंजूर केला. एवढ्यावर थांबते तर ते सेक्रेटरी कसले. नोटीस बोर्डावर कागद लागला: येत्या रविवारी सकाळी सात वाजता सर्व सदस्यांची सायकल फेरी. गेटपासून टेकडीवरच्या पाण्याच्या टाकीपर्यंत. पुढे राहतील आपले त्रुटीसाहेब. आणि कंसात: उतरताना हात सोडून चालवण्याचं प्रात्यक्षिक.

हा कागद बुधवारी लागला. साहेब कार्यालयातून आले, तो वाचला आणि जिना चढताना दोनदा थांबले. सव्वीस वर्षांचं खोटं आता चारचौघांत उताणं पडणार होतं. लोक हसतील याचं त्यांना एवढं नव्हतं. काकू हसणार नाहीत, नुसत्या गप्प होतील, ही भीती होती. ज्या बाईनं आपल्याला हात सोडून टेकडी उतरणारा समजून संसार केला, तिच्यासमोर आपण गटारात पडलेला नऊ वर्षांचा मुलगा म्हणून कसं उभं राहायचं? एखादी अकरावी त्रुटी मिळाली तर अजून वाचता येईल, अशा आशेनं ते पेन काढून फ्रिजसमोर गेले.

अकरावी त्रुटी आधीच लिहिलेली होती. अक्षर काकूंचं.

'११. चालकास सायकल येत नाही. पूर्तता: उद्यापासून पहाटे साडेपाच, गोदामामागची गल्ली.'

साहेब तिथेच स्टुलावर बसले. आतून मशीनचा आवाज येत होता, तो थांबला.

"तुला कुणी सांगितलं?" त्यांनी विचारलं.

"तुमच्या पँटनं," काकू दारात येऊन म्हणाल्या. "सायकलीची चेन उजवीकडे असते. चालवणाऱ्याची उजवी पँट काळी होते. तुमची दर वेळी डावी. म्हणजे काय, तुम्ही उजव्या बाजूनं सायकल ढकलत चालता. जो एकदा तरी सायकल शिकलाय तो कधी चेनच्या बाजूनं चालत नाही हो."

"आणि मिस्त्री?"

"त्यांना पहिल्याच दिवशी कळलं. मला म्हणाले, काकू, साहेब गुणी आहेत, पण उलट्या बाजूचे आहेत."

साहेबांनी चष्मा काढून पुसला. "रागावलीस?"

"सायकल येत नाही म्हणून कशाला रागावू? पण सव्वीस वर्षं सांगावंसं वाटलं नाही, याचा राग आला. दोन दिवस आला होता. मग तुम्ही सोफ्यावर चाक घेऊन बसलेले दिसायचात, बनियनवर, लहान मुलासारखे, आणि राग टिकेना." त्या आत वळल्या आणि मग पुन्हा वळून म्हणाल्या, "मला येते बरं का. चांगली येते. तुम्ही कधी विचारलंच नाहीत."

गोदामामागच्या गल्लीत तीन दिवस काय झालं याचा साक्षीदार एकटा गोदामाचा वॉचमन, आणि त्याला काकूंनी खाकी पँट फुकटात आखूड करून देण्याचं कबूल केलं होतं. साहेब हाफ पँटमध्ये, काकू ओढणी कमरेला खोचून सीट धरलेल्या. पहिल्या दिवशी साहेब दोनदा कुंपणावर गेले आणि एकदा वॉचमनवर. "चाकाकडे बघू नका," काकू ओरडत, "जायचंय तिकडे बघा." साहेब चाकाकडेच बघत. स्वतः सरळ केलेलं चाक होतं, नजर हटत नव्हती.

दुसऱ्या दिवशी काकू म्हणाल्या, "आता मी सोडतेय. सांगून सोडतेय हं. आपल्या घरात आता न सांगता काही करायचं नाही." आणि त्यांनी खरोखर सांगून सोडलं. साहेब डुलले, वाकडे झाले, आणि गेले. वीस पावलं गेले. थांबायचं कसं हे त्यांना नीट माहीत होतं, कारण ब्रेक त्यांनीच बसवले होते. शनिवारपर्यंत सरळ जाणं, थांबणं आणि डावीकडे वळणं एवढं जमलं. उजवं वळण घेतलं की ते हमखास पडत. "ते सोमवारी शिकू," काकू म्हणाल्या, आणि दोघंही विसरले की रविवार त्याआधी येतो.

रविवारी सात वाजता गेटपाशी चौदा सायकली जमल्या. साहेबांनी प्रसंगाचा मान राखावा म्हणून इस्त्रीची पँट घातली होती. काकू कुणाची तरी सायकल मागून घेऊन शेवटी उभ्या राहिल्या तेव्हा मास्तर म्हणाले, "काकू, तुम्हालाही येते?" काकू नुसत्या हसल्या. सेक्रेटरींनी शिट्टी वाजवली, आणि साहेब निघाले. सरळ निघाले, ताठ निघाले. मागून कुणीतरी टाळ्या वाजवल्या. सकाळचा वारा कानांवर आला आणि त्यांना इतका आनंद झाला की पहिला चौक येईपर्यंत त्यांना कसलीच आठवण राहिली नाही.

टाकीचा रस्ता चौकातून उजवीकडे होता. साहेबांनी तो पाहिला, आणि डावीकडे वळले. मागच्या तेरा सायकलीही डावीकडे वळल्या, कारण पुढारी वळला की वळायचं हे लोकांना सांगावं लागत नाही. औषधांच्या दुकानापाशी पुन्हा डावीकडे. गोदामापाशी डावीकडे. अखेर सगळे आपल्याच गेटसमोर आले. गेटवरच्या वॉचमननं सलाम ठोकला. "अंग मोकळं करून घेतायत साहेब," जिमवाले मागच्यांना समजावत म्हणाले.

दुसऱ्या फेरीत लोक एकमेकांकडे बघू लागले. तिसऱ्या फेरीला वॉचमननं सलाम करणं सोडून खुर्ची घेतली. मास्तर धापा टाकत म्हणाले, "टाकी दिसते आहे, पण येत नाही." सेक्रेटरींनी शिट्टी फुंकली. सगळे थांबले.

साहेब एक पाय टेकवून उभे राहिले. त्यांनी मागे वळून काकूंकडे पाहिलं. काकूंनी मान हलवली, एवढीच.

"मला उजवीकडे वळता येत नाही," साहेब म्हणाले. "बुधवारपर्यंत मला सायकलच येत नव्हती. ते हात सोडून वगैरे सगळं खोटं. ही बाई माझ्या त्या खोट्यावर भाळली होती, म्हणून मी ते सांभाळत बसलो. गेल्या तीन पहाटे तिनंच मला शिकवलं."

सेक्रेटरी घसा खाकरून म्हणाले, "तसं पाहिलं तर चूक आमची आहे. चालकाला सायकल येते का, असा रकानाच फॉर्ममध्ये नव्हता." मास्तर म्हणाले की सीटच्या उंचीबद्दल त्यांनाही खरं तर काही माहीत नाही, त्यांना संध्याकाळचा चहा हवा असायचा. हसू पसरलं ते असं की रस्त्यापलीकडच्या खिडक्या उघडल्या. साहेबही हसले. सव्वीस वर्षं पोटात धरलेलं काहीतरी सुटून गेलं होतं आणि त्यांना अगदी हलकं वाटत होतं.

"सोमवारचा धडा आजच घ्या," काकू त्यांच्या शेजारी येऊन म्हणाल्या. "मागे बघा. हात दाखवा. आणि मग चाकाकडे नाही, माझ्याकडे बघा." त्या पुढे गेल्या आणि चौकात उजवीकडे वळल्या. साहेबांनी मागे पाहिलं, हात दाखवला, तो घाईघाईनं पुन्हा हँडलवर ठेवला, आणि काकूंच्या ओढणीवर नजर ठेवून वळले. वळण इतकं मोठं झालं की पलीकडच्या फुटपाथला पॅडल घासलं, पण ते उजवीकडेच होतं. मागून बारा घंट्या वाजल्या.

चढ लागला तेव्हा सगळ्यांच्या सायकली कुरकुरायला लागल्या. साहेबांची तेवढी गप्प होती. त्यांनी बोटानं गेअर बदलला, चेन टक् करून जागेवर बसली, आणि ते हळूहळू, घामाघूम होऊन, टाकीपाशी पोचले. टाकीवर त्यांच्याच कार्यालयाचं नाव रंगवलेलं होतं. तिथला नळ गळत होता. साहेबांनी पाहिलं, पण त्या दिवशी त्रुटी काढली नाही. उतरताना त्यांनी दोन्ही हातांनी हँडल घट्ट धरलं होतं, आणि प्रात्यक्षिक कुणीही मागितलं नाही.

घरी आल्यावर काकूंनी पँट धुवायला मागितली. हातात घेतली आणि खिडकीशी नेऊन उलटीपालटी करून पाहिली. उजव्या पायाच्या टोकाला, इस्त्रीच्या घडीवर, चेनचा चांगला बोटभर काळा डाग होता. डावा पाय स्वच्छ.

"जाईल का तो?" साहेबांनी विचारलं.

काकू पँट तशीच हातात घेऊन वळल्या. त्या फ्रिजपाशी गेल्या, तो काळा कोपरा दोन बोटांत धरला, आणि त्रुटी क्रमांक अकरासमोर, जिथे कार्यालयात शिक्का मारतात बरोबर तिथे, कागदावर दाबून धरला.